शून्याचं माप

रोज सकाळी लॅबमध्ये आल्यावर डॉक्टरबाई आधी आपल्या वहिनीचा कॅन्सर बघायच्या, त्यात काही नाही याची खात्री करून घ्यायच्या आणि मग दिवसभराच्या कामाला लागायच्या.

बाहेरच्या माणसाला हे ऐकून कसंसंच होईल. लॅबमध्ये मात्र कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं, आणि डॉक्टरबाईंना तर अलीकडे कशाचंच काही वाटत नव्हतं.

डॉक्टरबाई म्हटलं की लोक लगेच जीभ बाहेर काढून दाखवतात. ह्या त्यातल्या नव्हेत. ह्या रोगी बघत नाहीत, रोग्याच्या अंगातून काढलेले तुकडे बघतात. ऑपरेशनमधली गाठ त्यांच्याकडे येते, मेणाच्या ठोकळ्यात बसवली जाते, त्या ठोकळ्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून काचेच्या पट्टीवर चिकटवतात, मशीनमध्ये त्यांच्यावर रंग चढवतात. मग मायक्रोस्कोपला डोळे लावून ह्यांनी सांगायचं, की हा रोग कुठल्या औषधाला दाद देईल. पुढचं सगळं त्या सांगण्यावर चालतं. जिचं चालतं ती बाई ह्यांना कधी भेटत नाही, आणि खरं सांगायचं तर तेच बरं असतं.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर-टू नावाची एक तपासणी असते. पेशीच्या कडेवर हे हर-टू असलं, तर तिथे तपकिरी रंग धरतो. जाड, गडद रिंगण दिसलं तर तीन. मध्यम असलं तर दोन. पुसट, तुटक काहीतरी असलं तर एक. आणि काहीच नसलं तर शून्य. वर्षानुवर्षं ह्यावरचं औषध तीनवाल्या बायकांनाच लागू पडायचं. दोनवाल्यांची आणखी एक तपासणी करून सोक्षमोक्ष लावायचा. एक आणि शून्य मात्र एकाच पिशवीत जायचे, पिशवीचं नाव निगेटिव्ह. पुसट आहे की नाहीच आहे, यावर कोण डोळे फोडून घेणार? पुसट असलं तरी बाईला त्याचा उपयोग शून्य. तेव्हा शून्य लिहायचं आणि पुढची पट्टी घ्यायची. जगभर हेच चालायचं, आणि सगळी शहाणीसुरती माणसं हेच करायची.

आता वहिनी ह्यात कुठून आली ते सांगतो. रंग नीट चढलाय की नाही हे कळावं, म्हणून प्रत्येक पट्टीच्या टोकाला दोन ओळखीचे तुकडे लावून ठेवतात. एकात रंग यायलाच हवा. दुसऱ्यात यायलाच नको. ह्या दुसऱ्याला निगेटिव्ह कंट्रोल म्हणतात. तो कोरा राहिला तर मशीन शहाण्यासारखं वागलं. त्यात जरा जरी तपकिरी दिसलं तर रंग जास्त झाला, अख्खा घाणा रद्द, पुन्हा पहिल्यापासून.

वहिनीचं ऑपरेशन याच हॉस्पिटलात झालं होतं. त्या वेळचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणायचे आणि जे आता निवृत्त होऊन घरी बागकाम करतात, त्यांनी पट्टी वाचून शून्य दिलं. नेमका तेव्हाच आधीचा निगेटिव्ह कंट्रोल संपत आला होता. वहिनीची गाठ मोठी, स्वच्छ, नीट जपलेली. मोठ्या सरांनी टेक्निशियनला सांगितलं, हाच ठोकळा घे, बरीच वर्षं पुरेल. ठोकळ्यावर नुसता नंबर होता. पण तो नंबर डॉक्टरबाईंना पाठ होता. पहिल्या दिवशी त्यांनी तो तुकडा ओझरता बघून पट्टी पुढे सरकवली. दुसऱ्या दिवशी जरा नीट बघितला. मग सवय झाली.

त्यांनी घरी वहिनीला सांगून टाकलं होतं. वहिनी तेव्हा बरी झाली होती, डोक्यावर नवे केस कुरळे आले होते आणि त्यांचं तिला फार कौतुक होतं.

"म्हणजे वन्सं, तुमच्या लॅबात रोज माझी हजेरी लागते म्हणा की," ती म्हणाली. "आणि काम काय, तर काही न करता नुसतं पडून राहायचं. असली नोकरी मला आयुष्यात कुणी दिली नाही."

चेष्टेत असली की वहिनी आपल्या नणंदेला जुन्या चालीवर 'वन्सं, तुम्ही' म्हणायची. एरवी तू. ही नणंद लग्नाबिग्नाच्या भानगडीत पडली नव्हती. भाऊ-भावजयीच्या शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहायची आणि जेवायला त्यांच्याकडे असायची. दोघींचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं, ते म्हणजे पंख्याच्या वेगावरून.

तर वहिनी बरी झाली ती काही वर्षं. मग रोग लिव्हरमध्ये परत आला. गोळ्या झाल्या, सलाइनमधून औषधं झाली, एक लागू पडेनासं झालं की दुसरं. कुरळे केस गेले, आले, पुन्हा गेले. त्या सगळ्या काळात डॉक्टरबाई रोज सकाळी तिचा जुना तुकडा बघत होत्या. आणि कधीतरी त्यांच्या आतलं काहीतरी बंद पडलं. म्हणजे नेमकं काय झालं हे त्यांनाही सांगता आलं नसतं. ताट समोर आलं की त्या जेवायच्या. कुणी विनोद केला की हसायच्या, वेळेवर हसायच्या. दाढेचं रूट कॅनाल झालं तेव्हा दंतवैद्याने विचारलं, दुखतंय का, तर त्या विचार करत राहिल्या.

वहिनीचा पलंग आता पुढच्या खोलीत खिडकीपाशी आणून ठेवला होता. दादा म्हणजे डॉक्टरबाईंचा थोरला भाऊ. जन्मभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला, आवाज अजून वर्गातलाच. त्या दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांकडून आल्यावर त्याने चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

"एक औषध आहे," तो म्हणाला. "गेल्या वर्षीच आलंय. हर-टू एक असलं तरी चालतं म्हणे, पूर्वीसारखं तीनच हवं असं नाही. पण शून्य नको. डॉक्टर म्हणाले, तिचा रिपोर्ट शून्य आहे म्हणून इतके दिवस विषयच काढला नाही. आता दुसरं काही उरलं नाही, तर तुमच्या लॅबला एकदा परत बघायला सांगा."

"नवा तुकडा काढणार नाहीत?"

"लिव्हरमध्ये सुई घालायला त्यांना भीती वाटते. रक्त थांबलं नाही तर? ते म्हणाले, जुनाच बघा. तू बघ ना."

"मला घरच्यांचं वाचता येत नाही, दादा. नियम आहे."

"अगं रिपोर्ट नको देऊस. नुसतं बघ."

"रोजच बघते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यात काही नाही."

हे त्यांनी दूध संपलंय हे सांगावं तसं सांगितलं. दादाचा चेहरा पडला. पलंगावरून वहिनी म्हणाली, "ऐकलंत ना? तिला माझ्यात काही दिसत नाही. मी ह्या घरात आले तेव्हापासून तिचं हेच चाललंय."

दादाला हसू आलं आणि मग ते हसू कुठे ठेवावं हे त्याला कळेना. तो चपला काढायला बाहेर गेला.

"डॉक्टर म्हणाले, अजून अंगात ताकद आहे," वहिनी म्हणाली. "औषध घ्यायचं तर आताच, नंतर झेपणार नाही. खरंच काही नाही का गं त्यात?"

"नाही गं."

"बरं," वहिनी म्हणाली आणि तिने पंखा कमी करायला सांगितलं. डॉक्टरबाईंनी कमी केला.

औषध बदललं की मागोमाग लॅबचे नियमही बदलतात, तसे ते बदलले होते. नव्या मार्गदर्शक सूचना आल्या होत्या आणि विभागप्रमुखांनी त्या छापून सगळ्यांच्या टेबलावर ठेवल्या होत्या. आता शून्य आणि एक वेगळे लिहायचे. पट्टी मोठ्या भिंगाखाली बघायची. शंका आली तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवायची. आणि कंट्रोलमध्ये पुसट रंगाचा, म्हणजे एकचा तुकडा हवाच, नाहीतर एक कसा दिसतो हे तुम्हाला कळणार कसं? इतकी वर्षं ज्याला कुणी ढुंकून विचारत नव्हतं, त्या एकाला एकदम भाव आला होता.

यांच्याकडे एकचा तुकडा नव्हता. कशाला असेल? म्हणून एका मोठ्या लॅबकडून चार तुकड्यांचा संच मागवला. शून्य, एक, दोन, तीन, सगळे तिथल्या तज्ज्ञांनी ठरवलेले. टेक्निशियनने ते आपल्या पट्टीवर लावले आणि मशीनमध्ये घातले. हा टेक्निशियन नाकासमोर चालणारा माणूस. मशीनवर धूळ बसली तर त्याला स्वतःच्या कपड्यांवर बसल्यासारखी वाटायची. दुपारी तो पट्ट्या घेऊन आला.

"त्यांचा एकचा तुकडा खराब निघालाय, मॅडम. कोराच आलाय. दोन पण पडेल दिसतोय. परत पाठवू?"

डॉक्टरबाईंनी बघितलं. खरंच कोरा होता.

"त्यांच्याकडे रंग आला होता ना?"

"कागद तर तसाच आहे."

"मग आपल्याकडे का येत नाही?" आवाजात उत्सुकता अशी काही नव्हती. प्रश्न समोर होता म्हणून त्यांनी विचारला. "मशीन कंपनीने दिलं तेव्हा रंगाची वेळ किती ठेवली होती?"

"आत्तापेक्षा बरीच जास्त होती."

"त्या वेळेवर लावून बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेक्निशियन दारातच उभा राहिला. आत यायला त्याला जिवावर आलं होतं.

"त्यांचं सगळं बरोबर आलंय, मॅडम. शून्य कोरा, एक पुसट, दोन, तीन, अगदी पुस्तकातल्यासारखं. पण आपला निगेटिव्ह कंट्रोल फेल झालाय. रंग आलाय त्यात."

डॉक्टरबाईंनी पट्टी घेतली. त्या तुकड्याची वळणं त्यांना डोळे मिटून सांगता आली असती. डावीकडे चरबीचा पोकळ भाग, मधून जाणारी धाग्यांची पट्टी, तिच्या दोन्ही बाजूंना पेशींची बेटं. नेहमीच्या छोट्या भिंगाखाली नुसती पुसट झाक दिसत होती. त्यांनी मोठं भिंग फिरवून आणलं.

पेशींच्या कडांना तपकिरी रेघ होती. बारीक, तुटक, कुठे आहे कुठे नाही. शिसपेन्सिलीने काढून खोडरबराने पुसलेल्या रेघेसारखी. पण होती. एका बेटात होती, दुसऱ्यात होती, पट्टी सरकवली तिथेही होती.

"वेळ आपण कधी कमी केली?" त्यांनी विचारलं.

"एकदम नाही केली, मॅडम. रंगाची नवी बाटली यायची, कंट्रोलला जरासा रंग दिसायचा. मग थोडी वेळ कमी करायची. कोरा झाला की ती वेळ मशीनमध्ये लॉक करायची. पुढची बाटली, पुन्हा थोडी. नियमच आहे तो, निगेटिव्ह कंट्रोल कोरा पाहिजे." तो थांबला. "दर वेळी तुमची सही घेतलीय मी."

घेतली होती. डॉक्टरबाईंना त्या सह्या आठवत होत्या.

मोठ्या सरांनी एकाला शून्य म्हटलं होतं, कारण तेव्हा त्याने काही बिघडत नव्हतं. मग ह्या सगळ्यांनी मिळून, नियमाने, डोळ्यांत तेल घालून, मशीनचा रंग खाली खाली आणत नेला होता, वहिनीत काही दिसेनासं होईपर्यंत. आणि त्याच फिक्या रंगात बाकीच्या सगळ्या बायकांचे तुकडे रंगवले होते. ज्या बायकांत पुसट काही होतं, त्याही कोऱ्या झाल्या. जिला तिला वहिनीच्या मापाने मोजलं होतं.

म्हणजे वहिनी एक होती. पहिल्यापासून होती. औषध येऊन वर्ष झालं होतं.

डॉक्टरबाईंनी वाट बघितली. आता आनंद व्हायला हवा, किंवा भडभडून यायला हवं, किंवा मोठ्या सरांना फोन करून चार शब्द सुनवावेसे वाटायला हवेत. त्या थोडा वेळ तशाच बसून राहिल्या. टेक्निशियन अजून उभाच होता.

"ठोकळा किती उरलाय?" त्यांनी विचारलं.

"फार नाही, मॅडम. रोज कापून कापून मेणच दिसायला लागलंय. निघतील थोडे काप."

"आज काही कापू नका."

विभागप्रमुख साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना कटकट नको असायची, एवढंच. त्यांनी पट्टी स्वतः बघितली, मान हलवली, पुन्हा बघितली.

"एक आहे," ते म्हणाले. "ठीक. कंट्रोल बदला, मशीन मूळ वेळेवर आणा. आजपासून नवा नियम, नवी सुरुवात."

"आणि मागच्या बायका?"

"मागचं काय? तेव्हा एक काय आणि शून्य काय, दोन्ही निगेटिव्हच. सूचनेत कुठे लिहिलंय, मागचं उकरून काढा म्हणून?"

"औषध वर्षापूर्वी आलंय, सर. तेव्हापासून डॉक्टर आपला रिपोर्ट उघडतात, शून्य बघतात आणि बाईला परत पाठवतात."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. "तुमच्या घरचाच रिपोर्ट अडकलाय ना? तुम्हाला वाचता येणार नाही, मी वाचतो. एक दिसतंय, एक लिहितो. संध्याकाळी तुमच्या हातात. उद्या त्यांचं औषध सुरू होऊ दे. बाकीचं मग निवांत बघू."

साहेबांचं 'निवांत बघू' म्हणजे काय, हे लॅबमधल्या झाडूवाल्यालाही माहीत होतं. असली किती घोंगडी तिथे भिजत पडली होती.

दुसरा रस्ता असा होता, की कंट्रोल चुकीचा होता हे रीतसर लिहून द्यायचं. मग हर-टूची तपासणी तिथल्या तिथे बंद. औषध आल्यापासून ज्यांना शून्य दिलं, त्या सगळ्यांचे ठोकळे काढून बाहेरच्या लॅबला पाठवायचे. नियम बदलल्यामुळे तिथे आधीच रांग लागलेली. तिथून पडताळणी होऊन येईपर्यंत इथून एकही रिपोर्ट बाहेर जाणार नाही. वहिनीचाही नाही. ज्या मशीनवर आता कुणाचा भरवसा नाही, त्याच्यावर घरच्याच एका बाईचा रिपोर्ट तेवढा काढला, असं कसं लिहिणार?

"थांबवावं लागेल, सर," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"सगळं?"

"सगळं."

"वहिनींचाही रिपोर्ट?"

"तिच्याच तुकड्याने तर घोळ झालाय. तो पण बाहेर जाईल तपासायला."

साहेबांनी त्यांच्याकडे जरा निरखून बघितलं. "घरी विचारून या. उद्या सांगा."

"नको. आजच लिहून देते."

इथे डॉक्टरबाईंनी छातीवर दगड ठेवला, मोठा त्याग केला, असं कुणी समजू नये. दगड ठेवायचा तर खाली काहीतरी धडधडत असावं लागतं. त्यांना त्या घडीला काहीच वाटलं नाही. एक बरोबर रीत होती, एक चुकीची. त्यांनी बरोबर रीत उचलली, सकाळी कपाटातून पांढरा कोट उचलावा तशी. आत काही जागं असतं तर त्यांनी रिपोर्ट घेतला असता आणि धावत घरी गेल्या असत्या. तसं केलं असतं तर मी तरी त्यांना नावं ठेवली नसती.

दादाने मात्र ठेवली. जिन्यातच, कारण घरात वहिनी होती.

"तुझ्या हातात होतं."

"हो."

"तुझे साहेब स्वतः म्हणाले, घेऊन जा."

"हो."

"आणि तू नाही म्हणालीस." वर्गातला आवाज दबून दबून घोगरा झाला होता. "किती दिवस लागतील?"

"माहीत नाही. त्यांच्याकडे खूप गर्दी आहे."

"तिच्याकडे आहेत का तेवढे? सांग ना, डॉक्टर आहेस."

डॉक्टरबाईंनी जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला. कठडा नुकताच रंगवला होता आणि अजून चिकटत होता. त्यांनी हात काढून तळव्याकडे बघितलं.

"तिला हे सांगू नकोस," दादा म्हणाला. "रिपोर्ट यायचाय, एवढंच सांग. आणि माझ्याशी थोडे दिवस बोलू नकोस."

तो खरंच बोलला नाही. जेवायला वाढायचा, पाणी ठेवायचा, पण बोलायचा नाही. वहिनी दोघांकडे आळीपाळीने बघायची. "काय, पंख्यावरून वाजलं वाटतं," एकदा म्हणाली. दादा ताटं उचलून आत गेला, तेव्हा तिने उशीवर मान वळवली.

लॅबमध्ये ठोकळे काढायचं काम सुरू झालं. टेक्निशियन एकेक शोधून आणायचा आणि पेटीत ओळीने लावायचा. पहिल्या पेटीत पहिला वहिनीचा होता. त्याच्यात आता समोरून मेण आणि मध्ये नखाएवढा तुकडा उरला होता. टेक्निशियनने तो ठेवताना विचारलं, "मॅडम, हा कुणाचा, तुम्हाला माहीत आहे का? इतकी वर्षं रोज हातात घेतोय."

"माझ्या वहिनीचा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

टेक्निशियनचा हात तसाच राहिला. मग त्याने तो ठोकळा उचलून शर्टाच्या बाहीने पुसला, जरी त्याला पुसण्यासारखं काही नव्हतं, आणि परत जागेवर ठेवला.

त्या दिवसांत वहिनी थकत गेली. आधी खिडकीत बसायची, ती पडून राहायला लागली. मग डोळ्यांत पिवळसर झाक आली. डॉक्टरबाई ती झाक बघायच्या आणि लॅबमध्ये जायच्या. बाहेरच्या लॅबचा निकाल आला तेव्हा वहिनीचा एक होता. तिच्याबरोबर गेलेल्यांतल्या आणखी बऱ्याच जणींचा एक होता. साहेबांनी सगळ्यांच्या डॉक्टरांना फोन करायला लावले आणि नंतर सगळं आपल्याच पुढाकाराने झाल्यासारखे वागू लागले. वागोत बापडे.

औषध द्यायचं ठरलं त्या दिवशी तिघं हॉस्पिटलात गेले. लांब हॉल, टेकून बसायच्या खुर्च्यांची रांग, प्रत्येकीच्या डोक्याशी सलाइनचा स्टँड. वहिनीला चाकाच्या खुर्चीतून आणून एका खुर्चीत बसवलं. नर्सने रक्त काढून तपासायला पाठवलं. ते आल्यावर औषध. शेजारच्या खुर्चीत एक बाई होती, साधारण वहिनीच्याच वयाची, पायात एक लाल आणि एक हिरवा मोजा घातलेली.

"मुद्दाम घातलेत," वहिनीची नजर बघून ती म्हणाली. "नर्स लक्षात ठेवतात. पहिली वेळ का?"

"ह्या औषधाची पहिली. बाकी सगळी झाली."

"माझी पण पहिलीच. मला तर सांगितलं होतं, तुम्हाला हे चालणार नाही. शून्य आहे म्हणे. परवा अचानक डॉक्टरांचा फोन, या म्हणाले, रिपोर्ट बदललाय. लॅबने सगळे परत तपासले. काय ते कंट्रोल की काय असतं, तेच चुकीचं होतं म्हणे इतके दिवस."

वहिनीने पिवळ्या डोळ्यांनी डॉक्टरबाईंकडे बघितलं, मग त्या बाईकडे. हळूच सावरून बसली.

"तो कंट्रोल म्हणजे मी," ती म्हणाली.

त्या बाईला काही कळलं नाही. पण वहिनीने ते इतक्या तोऱ्यात सांगितलं, की ती हसली. वहिनीही हसली, खोकला येईपर्यंत हसली. दादा खिडकीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते आणि तो हसत नव्हता.

मग नर्स आली आणि वहिनीसमोर खाली वाकली. नर्स अशी वाकली, की हॉलमधल्या जुन्या बायकांना पुढचं कळलं. मोजेवाल्या बाईने बोलणं थांबवलं.

"आज नाही देता येणार, ताई. लिव्हरचे आकडे फार वर गेलेत. रक्तातल्या पेशी पण खाली आहेत. डॉक्टर म्हणतात, ह्यात औषधच अंगावर येईल."

"मग पुढच्या आठवड्यात?" दादाने विचारलं.

"बघू," नर्स म्हणाली.

डॉक्टरबाईंना ते 'बघू' नीट ऐकू आलं. मागच्या रक्ताचे आकडे त्यांना पाठ होते. साहेबांनी आवाज खाली आणला होता त्या आठवड्यातले. त्या आकड्यांवर औषध देता आलं असतं.

शेजारी मोजेवाल्या बाईच्या हातात सुई गेली, स्टँडवर पिशवी चढली, नळीत थेंब पडायला लागला. वहिनी तो थेंब बघत बसली. मग तिने दादाला खुणावलं, चला.

परत जाताना दादा गाडी चालवत होता, दोघी मागे बसल्या होत्या. बाहेर दुकानं उघडत होती, कुणी काच पुसत होतं, कुणी पायरीवर पाणी मारत होतं.

"एक विचारू?" वहिनी म्हणाली.

"विचार."

"तुम्ही दोघं बोलेनासे झालात, त्या दिवशी हे रात्रभर कूस बदलत होते. विचारलं तर म्हणे ऍसिडिटी. माझा रिपोर्ट तेव्हाच मिळत होता का?"

पुढच्या आरशात दादाचे डोळे दिसले. ते सरळ डॉक्टरबाईंकडे बघत होते आणि त्यांत राग नव्हता, गयावया होती.

"हो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्याच संध्याकाळी."

"आणि तू थांबवलास."

"हो."

वहिनीने खिडकीला डोकं टेकलं. "ती मोजेवाली. तिला मिळालं असतं का मग?"

"नसतं मिळालं. तिला कुणी बोलावलंच नसतं."

"चांगली होती बाई."

"हो."

"मला तिचा काही राग नाही." थोडं थांबून ती म्हणाली, "तुझा आलाय."

डॉक्टरबाईंनी मान हलवली.

"चेष्टा नाही करत मी. खरंच आलाय. इतक्या वर्षांत तुझा एवढा राग कधी आला नव्हता."

"येऊ दे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

वहिनीने हात लांब केला आणि त्यांचं मनगट पकडलं. एवढी ताकद तिच्यात कुठून आली कोण जाणे. तिने ते आवळलं, आणखी आवळलं, नखं आत रुतवली, दात खाऊन रुतवली, आणि तिच्या पिवळ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. डॉक्टरबाईंना दुखलं. आधी मनगटात दुखलं, मग वर चढत गेलं, आणि छातीपाशी आल्यावर इतकं दुखलं, की त्यांच्या तोंडून लहान पोरीसारखा आवाज निघाला. दादा गाडी बाजूला घ्यायला लागला.

"थांबवू नका," वहिनी त्याला म्हणाली. "चालू दे."

घर येईपर्यंत तिने मनगट सोडलं नाही, आणि डॉक्टरबाईंनी हात काढून घेतला नाही.